आठ किलो परत आले, म्हणजे ऑपरेशन वाया गेलं?

प्रश्न : सांगलीकडच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४६, बँकेत नोकरी, घरी पूर्ण शाकाहार, अंडंही नाही. चार वर्षांपूर्वी पुण्यात त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं. तेव्हा वजन ११६ किलो, तीन महिन्यांची शुगर ९.२, बीपीची गोळी चालू, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री तोंडावर मशीन. दीड वर्षात वजन ७४ वर आलं, शुगर ५.६ झाली, मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या सुटल्या, मशीन माळ्यावर गेलं. आता वजन ८२, शुगर गोळ्यांशिवाय ६.४, हिमोग्लोबिन ९.४. व्हिटॅमिनच्या गोळ्या दोन वर्षांपूर्वी बंद केल्या आणि तेव्हापासून त्या सर्जनकडेही गेलेल्या नाहीत. घरात नवरा आणि बाहेर सख्खी बहीण, एवढ्या दोघांनाच ऑपरेशन माहीत आहे. बाकी सगळ्यांना 'हर्नियाचं ऑपरेशन' असं सांगितलंय. नवरा म्हणतो, पुन्हा ऑपरेशन कर, पोटाचं बायपास करून टाक. बहीण म्हणते, ते वजन उतरवायचं नवीन इंजेक्शन सुरू कर. ताई विचारतात, "एवढे पैसे घालून पोट कापून घेतलं, तरी डायबेटिस परत आला. ऑपरेशन फसलं की माझ्याच जिभेला लगाम नाही?"

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात वजनावर दोन पानं आहेत आणि तळपायांना येणाऱ्या मुंग्यांवर एक ओळ, तीही कंसात : "(आठ महिने पायाला मुंग्या येतात, शुगरमुळे असेल)". मी तिथूनच सुरुवात करते. वजनाचं पुढच्या महिन्यात बघितलं तरी चालेल, मुंग्यांचं याच आठवड्यात बघायला हवं.

स्लीव्हमध्ये पोटाचा सुमारे पाऊण हिस्सा काढून टाकतात. अन्नातलं बी-१२ आतड्यात शोषलं जायला जो पदार्थ लागतो, तो मुख्यतः याच काढलेल्या भागात तयार होतो. शाकाहारात बी-१२ मुळात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. तुम्ही रोज ॲसिडिटीची गोळी घेता, तिनेही ते शोषण कमी होतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी वाट अडलेली, आणि वरून मिळणारी गोळी तुम्ही थांबवलीत. गोळी बंद केल्यावर लगेच काही झालं नाही, कारण यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो बराच काळ पुरतो. "बंद केल्या, काही फरक पडला नाही" असं तुम्ही लिहिलंय ते त्या वेळेपुरतं खरंच होतं. साठा संपत आला की मग मुंग्या, पाय बधिर होणं, अंधारात चालताना तोल जाणं, विसरायला होणं असं सुरू होतं. वेळेत लक्षात आलं तर हे भरून येतं. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. मुंग्या जुन्या मधुमेहाच्याही असू शकतील, पण शुगर चार वर्षं आटोक्यात असताना त्या आत्ता सुरू व्हाव्यात, याचा संशय आधी बी-१२ वर घ्यायला हवा. तेव्हा उद्याच रक्त तपासायला द्या. बी-१२, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), डी व्हिटॅमिन, कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), एवढं त्यात असू दे. इंजेक्शनं द्यायची की जास्त डोसची गोळी, ते डॉक्टर ठरवतील. रक्त द्यायच्या आत मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणून सुरू करू नका, नाहीतर रिपोर्टमधला आकडा फसवा येतो.

आता तुमचं "डायबेटिस परत आला" हे वाक्य.

६.४ हा आकडा तुम्ही निकालासारखा वाचलाय. मधुमेहावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०२१ मध्ये एकत्र बसून व्याख्या ठरवली : औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही तीन महिन्यांची शुगर ६.५ च्या खाली असेल, तर मधुमेह 'माघारी गेलेला' मानायचा. त्या हिशेबाने तुमचा अजून परत आलेला नाही. उंबऱ्यावर आहे, हे कबूल. शिवाय एक गोष्ट तुम्हाला बहुधा कुणी सांगितली नसेल. ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. शरीरात लोह कमी असलं, की साखर तेवढीच असूनही हा आकडा वर दिसू शकतो. तुमचं हिमोग्लोबिन ९.४ आहे. म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली शुगरही बघा, मगच काय ते ठरवा. आणि हिमोग्लोबिन इतकं कमी का, त्याचं कारण फक्त ऑपरेशनमध्ये शोधू नका. तुमच्या वयात पाळीत रक्तस्राव पुष्कळदा वाढतो. तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

वजनाचा हिशेब आपण दोघी पुन्हा मांडू. ४२ किलो गेले होते, त्यातले ८ आले, ३४ अजून गेलेलेच आहेत. मूळ वजनाच्या जवळजवळ तीस टक्के. चार वर्षांनंतर हे टिकलंय, याला अपयश म्हणणारा एकही सर्जन मला माहीत नाही. तुम्ही ७४ ला 'माझं वजन' मानून बसलात. दीड वर्षाचा तो आकडा बहुतेकांच्या बाबतीत सगळ्यात खालचा असतो. त्यानंतर भूक हळूहळू परत येते, पोटात थोडं जास्त मावायला लागतं, शरीर कमी उष्मांकात भागवायला शिकलेलं असतं. काही किलो परत चढणं हे ऑपरेशननंतरचं नेहमीचंच चित्र आहे, त्यात जिभेच्या लगामाचा भाग तुम्हाला वाटतो त्याहून बराच कमी.

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा हजारो रुग्णांचा पाठपुरावा केला गेलाय, स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स या नावाने. त्या काळची ऑपरेशनं वेगळी होती, स्लीव्ह नंतर आलं. पण लांबचं चित्र तिथे जेवढं दिसतं तेवढं क्वचित दिसतं. तिथेही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला गेलं, मग थोडं चढलं आणि स्थिरावलं. दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेलेला होता, दहा वर्षांनी ३६ टक्के लोकांचाच तसा माघारी गेलेला उरला. म्हणजे निम्म्यांचा परत आला. तरीही, ऑपरेशन न केलेल्या तशाच वजनाच्या लोकांशी तुलना केली तेव्हा, ऑपरेशनवाल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके कमी होते, बायकांमध्ये कॅन्सर कमी होते, आणि २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार आयुष्य सरासरी तीन वर्षांनी जास्त होतं. हे सगळं काटा थोडा वर चढूनसुद्धा. म्हणून यापुढे रोज सकाळी काट्यावर उभं राहणं बंद करा. आठवड्यातून एकदा, तोच वार, तीच वेळ. आणि शिंप्याची टेप घेऊन महिन्यातून एकदा कंबर मोजा. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं हेच सांगताहेत, की भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असतो. काट्याला ती दिसत नाही.

बीपी मोजलंत का गेल्या वर्षात? नवऱ्याला विचारा, तुम्ही पुन्हा घोरता का, झोपेत मध्येच श्वास थांबतो का. सकाळी डोकं जड असतं का? तसं असेल तर माळ्यावरचं मशीन आपणच काढून लावू नका, झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या. मशीनच्या हवेचा दाब बदलावा लागतो.

आता ताटाकडे. तुम्ही दिवसभराचं लिहून पाठवलंत हे फार चांगलं केलंत. सकाळी चहा नि मारी, मग उपमा. दुपारी मऊ भात-वरण, "पोळी अडकते म्हणून". संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर चहा, ड्रॉवरमधला चिवडा "येता-जाता". रात्री मुगाची खिचडी. सोमवारी आणि चतुर्थीला साबुदाणा. यात कुठे पेढे नाहीत, वडापाव नाही, त्यामुळे तुम्हाला वाटतं की आपण तर काहीच खात नाही. खरंच कमी खाता. पण मी अंदाजाने मोजलं तर यात प्रथिनं तीस ग्रॅमही भरत नाहीत, आणि ऑपरेशननंतर रोज किमान साठ तरी लागतात. केस गळतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं, या तुमच्या तिन्ही तक्रारींची वाट इथूनच जाते.

छोट्या पोटाची एक खोड असते. पोळी, उसळ, पनीर यांना चावावं लागतं, ते हळू उतरतं आणि पोट भरल्याचं कळतं. मऊ भात, बिस्किट चहात बुडवून, चिवडा, आइस्क्रीम, गोड लस्सी हे सरसर उतरतं. कितीही खाल्लं तरी 'अडकलं' असं होत नाही. मग माणूस नकळत जे त्रास देत नाही तेच खायला लागतो. पोळी अडकते ती बहुधा घाईमुळे आणि मध्ये पाणी प्यायल्यामुळे. पाणी जेवणाआधी अर्धा तास थांबवा आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या. घास सुपारीएवढा. वीस मिनिटं तरी बसा. बँकेतल्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत हे जमतं, फोन बाजूला ठेवला तर.

उपम्याऐवजी मुगाचं धिरडं करा आणि त्यात मूठभर किसलेलं पनीर घाला. पंधरा-सतरा ग्रॅम प्रथिनं तिथेच झाली. दुपारी ताटात आधी उसळ किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी संपवायची, भाताला हात नंतर. वाळलेल्या वड्या पंचवीस ग्रॅम घेतल्या तरी तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. ड्रॉवरमध्ये चिवड्याच्या जागी फुटाणे ठेवा, वाटीत काढून. थेट डब्यातून खाल्लं की मोजमाप राहत नाही. चारच्या सुमाराला साखर न घातलेला चक्का किंवा ग्लासभर दूध. रात्री पिठलं-भाकरी, भाकरी अर्धी, पिठलं पोटभर. एखाद्या दिवशी एवढं जमलं नाही तर प्रथिनांची पावडर दुधात घालायला काहीच हरकत नाही. तो पहिलवानांचा खुराक नाही.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, आणि तुमच्या पोटात जेवढी जागा आहे ती त्याने भरून जाते. राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, दाण्याची आमटी, पनीर यांवर सोमवार निघतो. आणि औषधाच्या गोळीने उपवास मोडत नाही.

गोळ्यांची वेळ हा वेगळाच घोळ असतो, म्हणून लिहिते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीवर चहा नको, नाहीतर ती वाया जाते. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं मागा, कारण तुमच्या पोटात आम्ल कमी आहे आणि कार्बोनेट नीट विरघळत नाही. चार गोळ्यांसाठी चार गजर लावले तर आठवड्यात कंटाळाल. लोह रात्री झोपताना, बाकीच्या सकाळच्या डब्याबरोबर, असं बसवा.

चालणं तुमचं चाळीस मिनिटं आहे, ते राहू द्या. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंचं काम घाला. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहादा, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा ओढणं. झपाट्याने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, आणि जेवणातली साखर उचलून घेणारं मोठं कोठार तेच. पायाच्या मुंग्या थांबेपर्यंत मात्र अंधारात फिरायला जाऊ नका आणि अनवाणी चालू नका.

यातलं बरंचसं तुम्हाला ऑपरेशनच्या वेळी सांगितलेलं असणार. मग सुटलं का? पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर मला वाटलं, सगळ्याचं मूळ त्या 'हर्निया'त आहे.

हर्निया महिन्याभरात बरा होतो. त्यामुळे महिन्याभराने तुम्हालाही बरं व्हावं लागलं. टेबलावर गोळ्यांच्या बाटल्या दिसल्यावर सासूबाईंनी "अजून कसली औषधं?" विचारलं आणि तुम्ही त्या कपाटात ढकलल्या, मग विसरायला लागलात, मग बंदच झाल्या. पुण्याला तपासणीला जायचं तर रजेचं कारण काय सांगायचं, म्हणून ते राहिलं. बारशात, मुंजीत "एवढंसंच? माझ्या हातचं नको का?" यावर उत्तर नाही, म्हणून ताटात घेता, अर्धं खाता, बाथरूममध्ये जाऊन ओकता. हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला ते सगळ्यात जास्त लागलं. आणि बारीक झाल्यावर सगळे विचारत होते, "काय केलंस ग?" तेव्हा "चालणं आणि भात बंद" असं तुम्ही सांगितलंत. आता आठ किलो वाढल्यावर त्याच बायका म्हणताहेत, "चालणं सोडलंस वाटतं!" स्वतःच्या तोंडाने दिलेल्या उत्तरात तुम्ही अडकलात.

लपवलंत यात तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे जाड बाईला आळशी म्हणतात आणि ऑपरेशन केलेल्या बाईला शॉर्टकटवाली. दोन्हीकडून मार. पण सत्य गावभर सांगायची गरज नाहीच. घरात सासूबाई आणि बँकेत एक मैत्रीण, एवढी दोन माणसं पुरतात. वजनाचा विषयही काढू नका. "माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, त्यामुळे एका वेळी थोडंच खाता येतं आणि चार गोळ्या कायमच्या आहेत." यात एक अक्षर खोटं नाही. सासूबाई स्वतः थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं पहाटे घेतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना कायमची गोळी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. एकदा त्या तुमच्या बाजूने झाल्या की पंगतीत "तिला आग्रह करू नका" हे त्याच म्हणतील, आणि त्यांच्या तोंडून आलेलं कुणी टाळत नाही.

राहिलं बायपास आणि इंजेक्शन.

स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करतात, पण दुसऱ्या ऑपरेशनची जोखीम पहिल्यापेक्षा जास्त असते. आठ किलोसाठी ते कुणी सुचवलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. तुमच्या बाबतीत त्याचं खरं कारण झालंच तर ॲसिडिटी असेल. स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, बायपासने तो कमी होतो. म्हणून वर्षभर गोळी गिळत बसण्यापेक्षा एंडोस्कोपी करून घ्या, ती तशीही व्हायला हवी. मात्र बायपासमध्ये आतड्याचा भागही वगळला जातो, व्हिटॅमिनं आणखी कमी शोषली जातात. स्लीव्हनंतरच्या चार गोळ्या ज्यांच्या सुटल्या, त्यांनी आधी त्या सहा महिने नीट घेऊन दाखवाव्यात, मग बायपासचं बोलावं. नवऱ्यालाही हे वाचून दाखवा.

इंजेक्शनाबद्दल माझं मन खुलं आहे. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये आपल्याकडे अधिकृतपणे आलं. ऑपरेशननंतर परत चढलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती वापरतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यांनी भूक आणखी मारली जाते. आज तुमच्या पोटात तीस ग्रॅम प्रथिनं जात नाहीत. त्यातलीही निम्मी गेली तर वजन उतरेल ते मांड्यांचं. आणि सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं उतरलेलं दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं, असं एका मोठ्या चाचणीच्या पाठपुराव्यात दिसलंय. म्हणजे हा दोन-तीन महिन्यांचा कोर्स नाही. आधी रक्त भरून काढा, तीन महिने ताट सुधारा, मग सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर यांच्यासमोर बसून विचारा. जिमवाल्याकडून किंवा ओळखीच्या मेडिकलमधून मात्र घेऊ नका.

असंच ऑपरेशन झालेल्या इतर वाचकांसाठी थोडं. पहिलं दीड वर्ष गरोदरपण टाळा. दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि तिची सवय लागण्याचा धोका ऑपरेशननंतर वाढतो, हे पुरुष वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावं. बायपासवाल्यांनी अंगदुखीला कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये, पोट आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. वर्षातून एकदा रक्ततपासणी, आणि हाडांची घनता एकदा तरी.

ताई, तुम्ही ज्या हॉस्पिटलात जायला संकोचता आहात, तिथे "इतके दिवस कुठे होता?" असं कुणी चिडून विचारलं, तर दुसरे सर्जन बघा. सांगली-कोल्हापुरातही आता ही ऑपरेशनं होतात, पाठपुराव्याला पुणंच गाठायला हवं असं नाही. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि त्याचा फोटो फोनमध्येही ठेवा, कारण पुढे कधी इमर्जन्सीत दुसऱ्याच डॉक्टरांसमोर पडलात तर 'हर्निया' असं सांगून चालणार नाही. आणि ते ओकणं. पंगतीपुरतं आहे तोवर सासूबाईंशी बोलून सुटेल. पण सलग दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकलं नाही, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागलं किंवा चालताना झोकांड्या गेल्या, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी सांगा, "माझं स्लीव्ह झालंय, आधी थायमिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन द्या."